हे आणि रेल्वेवाला

लग्नाचा सफारी शिवायला ह्यांना गारगोटीतल्या शिंप्याकडं नेलं, तर खांद्याचं माप घ्यायला त्याला स्टूल लागलं. छातीभोवती टेप फिरवला तर दोन टोकं जुळेनात. शेवटी मधे बोट ठेवून त्यानं दोन खेपांत माप घेतलं आणि माझ्या भावाला हळूच विचारलं, "नवरदेव पैलवान हाईत काय?"

"न्हाय, बॉक्सर हाईत. मिल्ट्रीत."

"म्हंजे कराटे?"

मलाही त्या शिंप्यापेक्षा फार जास्त कळत नव्हतं. नव्वदीची सुरुवात होती. मी गारगोटीजवळच्या एका हायस्कुलात शिकवत होते, लग्नानंतर सासरजवळच्या शाळेत बदली करून घेतली. आमचं माहेर-सासर दोन्ही लिंगायत, सासर चंदगडच्या पलीकडं, अगदी हद्दीला. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणायचे, मीही अव्वाच म्हणायला लागले. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून इथंही मी 'हे' असंच लिहिणार आहे. ती सवय आता मोडणार नाही.

हे मुळात कुस्तीतले. चौदाव्या वर्षी कोल्हापुरात तालमीत येऊन राहिले, तांबड्या मातीत वाढले आणि तिथूनच भरतीला जाऊन फौजेत लागले. पलटणीच्या बॉक्सिंगच्या संघात तेव्हा सगळ्या वजनांची पोरं होती, फक्त सगळ्यात वरच्या गटात माणूस नव्हता. एवढ्या वजनाचा आणि तरी पायावर हलका माणूस आपल्याकडं मिळतोच कुठं? ह्यांना पोती उचलताना कुणी अधिकाऱ्यानं बघितलं आणि दुसऱ्या दिवशी हातात ग्लोव्हज आले. त्यात हे पक्के शाकाहारी. मेसमध्ये लोक हसायचे, अंडं तरी खा म्हणायचे. ह्यांनी दूध, भाकरी, शेंगदाणे आणि घरचे काजू यांवर सगळी कारकीर्द काढली.

सुट्टीवर आले की घरामागच्या फणसाला एक पोतं टांगायचे, भाताच्या तुसानं ठासून भरलेलं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत मी तो आवाज ऐकला. मी चुलीपाशी होते. काहीतरी कोसळलं म्हणून धावत बाहेर आले. काही कोसळलं नव्हतं. हे पोत्यासमोर उभे होते, आणि पोतं लांब जाऊन परत येत होतं. ते परत आलं की हे खांदा थोडासा वळवायचे, बस, एवढंच दिसायचं. हात दिसतच नव्हता. आवाज यायचा आणि वर फणसाची फांदी थरथरायची. गोठ्यातल्या दोन्ही म्हशी उठून उभ्या राहिल्या होत्या. मी किती वेळ तशी उभी होते कुणास ठाऊक, आत भाकरी करपली. अव्वा आतनं ओरडल्या, "बघून झालं असंल तर तवा उतर की!"

त्या दिवशी मला ह्यांची भीती वाटली का, असं पुढं मैत्रिणींनी विचारलं. भीती नाही. घाटात दरीच्या कडेला उभं राहिल्यावर कसं वाटतं, तसं काहीतरी वाटलं. माणसाच्या अंगात एवढं काही मावतं आणि ते त्याच्या ताब्यात असतं, हे मी आधी बघितलंच नव्हतं.

फौजेकडून हे खेळायचे ते हौशी स्पर्धांत. डोक्याला गार्ड, अंगात बनियन, मोजून तीन राऊंड. कडेला बसलेले पंच ठोसा दिसला की बटण दाबायचे, ज्याची बटणं जास्त तो जिंकला. मोठ्या वजनाच्या गटात खेळाडू इतके कमी असायचे की एक लढत जिंकली की कधीकधी थेट फायनल. आणि फायनलला समोर कोण, तर ठरलेला माणूस. उत्तरेकडचा, रेल्वेत नोकरीला. आमच्या घरात त्याचं नाव 'रेल्वेवाला' असंच पडलं होतं. ह्यांच्यापेक्षा चार बोटं उंच, हात लांब, आणि चलाख. लांबूनच टकटक करत गुण घ्यायचा आणि तीन राऊंड संपायचे. वर्षानुवर्षं हे त्याच्याकडून हरले. घरात फोटो होते स्पर्धांचे. गाव बदललेलं, मैदान बदललेलं, पण मधल्या उंच पायरीवर रेल्वेवाला आणि त्याच्या शेजारी हे. दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

"तुम्हाला राग येत नाही त्याचा?" मी एकदा विचारलं.

"राग कशाचा? माझ्या वजनाचा माणूस हाय त्यो. देशात किती हाईत तसली?" मग म्हणाले, "फकस्त तीन राऊंडात मी गरमच होत न्हाय बघ. मला अंग सुटाय लागतंय आन् घंटा वाजती."

एका वर्षी हे सोन्याचं पदक घेऊन आले. मी शाळेत पेढे वाटले. घरी येऊन बघते तर पदक अव्वांच्या देव्हाऱ्यात आणि हे घरामागं परड्यात म्हशीला पाणी दावत होते. विचारलं तेव्हा कळलं, रेल्वेवाला स्पर्धेत नव्हताच. नोकरीवर पाणी सोडून तो व्यावसायिक झाला होता. परदेशात दोन लढती खेळूनही आला होता. आता त्याला हौशी स्पर्धेत पाय ठेवता येणार नव्हता.

"सोनं हाय," हे म्हणाले, "पण त्याला हरवून न्हाय मिळालं. आता इकडं कितीबी जिंकलं तर काय?"

पुढच्या वर्षी पेन्शन घेऊन हे घरी आले. वय तेहतीस. हौशी खेळाची वयोमर्यादा गाठायला जेमतेम एक वर्ष उरलेलं. राज्याच्या संघात तेव्हाही ह्यांची जागा पक्की होती. अशात मुंबईहून एक आयोजक घरी आला. व्यावसायिक लढती भरवणारा माणूस. चांगला बोलत होता, अव्वांनी दिलेलं ताक दोन पेले प्याला. त्यानं इंग्रजीतला करार पुढं ठेवला. तो मी वाचला, एकेक ओळ, आणि ह्यांना मराठीत सांगत गेले. आठ राऊंड. गार्ड नाही, बनियन नाही. आणि खाली एक कलम होतं, तिथं मी थांबले.

"काय म्हंतंय त्यात?"

"एकदा ह्यात खेळलं की हौशीत परत येता येत नाही. खेळाडू म्हणून नाही, आणि शिकवणारा म्हणूनही नाही."

"कवाच न्हाय?"

"कधीच नाही."

करार तीन दिवस तसाच पडून होता. चौथ्या दिवशी हे पहिल्या एसटीनं कोल्हापूरला गेले, तालमीतल्या वस्तादांकडं. वस्ताद तेव्हा थकले होते, खाटेवरच असायचे. ह्यांनी सगळं सांगितलं. वस्तादांनी एवढंच विचारलं म्हणे, "पोटासाठी जातोस का त्या गड्यासाठी?"

"त्या गड्यासाठी."

"मग जा. हितं बसून त्येच्या आठवणी काढत म्हातारा होशील, त्यापरास जा."

संध्याकाळी हे परत आले आणि त्यांनी सही केली.

पहिल्या दोन व्यावसायिक लढती मुंबईला आणि बंगलोरला झाल्या. दोन्ही हे जिंकले. मी गेले नव्हते. त्याआधीही मी ह्यांची एकही लढत बघितली नव्हती. फौजेच्या स्पर्धा लांब व्हायच्या आणि मला शाळा असायची. तिसरी लढत मात्र कोल्हापुरात ठरली, रेल्वेवाल्याशीच. आता सुटका नव्हती.

कुस्तीच्या मैदानात, आखाड्याच्या मधोमध फळ्या टाकून रिंग उभी केली होती. जानेवारीची दुपार. लोक सकाळपासून येऊन बसलेले, फेट्यातले म्हातारे पैलवान पहिल्या रांगांत. कोल्हापूरला कुस्ती कळते तशी जगात कुणाला कळत नसेल, पण ही भानगड बहुतेकांना नवी होती.

लढतीआधी कपडे बदलायच्या खोलीत ह्यांनी मला बोलावून घेतलं. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग असतं, ते अंगावेगळं करायचं नसतं. रिंगमध्ये मात्र गळ्यात काही चालत नाही. फौजेत असताना हे ते तिथल्या शिकवणाऱ्या उस्तादांच्या हातात देऊन खेळायचे. त्या दिवशी ह्यांनी ते काढून माझ्या ओंजळीत ठेवलं. "खाली ठिवू नकोस," एवढंच म्हणाले. अजून ऊबदार होतं ते.

मग दोघं रिंगमध्ये आले. इतकी वर्षं फोटोत बघितलेला माणूस मी पहिल्यांदा प्रत्यक्ष बघत होते. डोक्यावर गार्ड नसल्यामुळं दोघांचेही चेहरे एकदम उघडे, जवळजवळ कोवळे दिसत होते. मैदान शांत झालं. दोनशे किलो माणूस त्या चौकोनात चालत होता आणि फळ्या करकरत होत्या. माझ्या मागचा एक म्हातारा पुटपुटला, "देवा, कसली जोड हाय ही!" त्याच्या आवाजात देवळात गेल्यासारखं काहीतरी होतं.

पहिले तीन राऊंड जुनंच चाललं होतं. रेल्वेवाला लांबून टकटक मारायचा, हे पुढं सरकायचे आणि तो निसटायचा. लोकांना कुस्तीची सवय, ते ओरडत होते, "आरं धर की त्याला! पट काढ!" कुणीतरी समजावत होतं की ह्यात धरायचं नसतंय. चौथा राऊंड सुरू झाला आणि ह्यांचं अंग सुटलं. मला ते कळलं, कारण फणसाखालचा तो खांद्याचा वळसा मला दिसला. पोत्यावर बसायचा तोच आवाज, फक्त आता समोर माणूस होता. पाचव्यात रेल्वेवाल्याचे पाय जड झाले. तरी तो मागं हटत नव्हता. ह्यांनी मारलं की तो मारायचा. दोघं मोठी माणसं, घामानं न्हालेली, आणि एकालाही दुसऱ्यापुढून हलायचं नव्हतं. लोक उठून उभे राहिले होते. शिट्ट्या नाहीत, आरोळ्या नाहीत, नुसता श्वास ऐकू येत होता हजारो माणसांचा. मी त्या ओंजळीत नखं रुतवून बसले होते.

सहाव्यात एक ठोसा रेल्वेवाल्याच्या डाव्या डोळ्याशी बसला. तो पडला नाही. पण त्यानंतर त्यानं जो ठोसा मारला तो ह्यांच्यापासून हातभर लांब, रिकाम्या हवेत गेला. दुसराही तसाच. मला काही उमगलं नाही. ह्यांना उमगलं. हे एक पाऊल मागं सरले आणि रेफरीकडं बघून म्हणाले, "त्याला दिसत न्हाय. थांबवा."

हौशी स्पर्धेत रेफरीनं तिथंच थांबवून आकडे मोजले असते. इथं रेफरीनं हात हलवला, खेळा म्हणून. मैदान ओरडायला लागलं, "हाण! आता हाण की!" रेल्वेवाला दोन्ही हात तोंडापुढं धरून उभा होता, मान किंचित वाकडी करून, जणू ऐकून अंदाज घेत होता. एक ठोसा पुरला असता. दहा वर्षं ज्याची वाट बघितली, ज्याच्यासाठी परतीचं दार बंद करून घेतलं, ते ह्यांच्यासमोर हातभर अंतरावर होतं.

ह्यांनी पुढं होऊन त्याला मिठी मारली.

रेफरीनं सोडवलं. ह्यांनी पुन्हा मिठी मारली. रेफरीनं ताकीद दिली, गुण कापले. तिसऱ्यांदा मिठी मारली तेव्हा रेल्वेवाल्याचं सगळं वजन ह्यांच्या अंगावर आलं होतं. हे त्याला पडू न देता उभं धरून राहिले. लोक शिव्या घालत होते. कुणीतरी चप्पल फेकली. आणि माझ्या अंगावर काटा आला, तो आज लिहितानाही येतोय. एवढं बळ आणि ते सगळं एका माणसाला उभं ठेवण्यात खर्ची पडत होतं.

घंटा वाजली. पण गोष्ट इथं संपली नाही. कोपऱ्यात रेल्वेवाल्याच्या माणसांनी बर्फ लावला, पाणी मारलं, त्याला थोडं दिसायला लागलं असावं. सातव्यात तो उठून आला आणि सरळ भिडला. हे सावध, डोळ्याच्या बाजूनं मारायचंच टाळत होते. उजव्या हाताचा खेळ त्यांनी जवळजवळ सोडून दिला होता. आठव्या राऊंडमध्ये रेल्वेवाल्यानं ह्यांच्या हनुवटीवर एक बसवला आणि हे गुडघ्यावर आले. उठले, पण निकाल लागला तो त्याच्या बाजूनं. रेफरीनं त्याचा हात वर केला. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले, तेव्हा मात्र पहिल्या रांगेतला एक फेटेवाला उठला आणि टाळ्या वाजवू लागला. मग दुसरा उठला. सगळं मैदान नाही, पण पुढच्या दोन-तीन रांगा उभ्या राहिल्या. मातीतली माणसं होती ती. सहाव्या राऊंडमध्ये काय झालं ते त्यांनी बरोबर बघितलं होतं.

खोलीत गेले तर ह्यांचा ओठ फुटलेला, चेहरा सुजलेला. मी लिंग ह्यांच्या गळ्यात घातलं. मला रागही येत होता आणि रडूही. "अहो, जिंकला असता ना!"

"आंधळ्याला मारून?" हे म्हणाले. आणि लगेच, "त्यो कुठं हाय? डॉक्टरकडं नेला का?"

नेला नव्हता. आयोजकाला मुंबईची घाई होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हीच त्याला भाड्याच्या गाडीतून मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. मागच्या सीटवर ते दोघं बसल्यावर मला पुढं ड्रायव्हरशेजारी बसावं लागलं आणि गाडी चढाला कुथत होती. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा फाटलाय, लगेच इलाज करू. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "अजून एखादा ठोसा बसला असता तर डोळा गेला असता का?"

"तसं कुणीच सांगू शकत नाही, ताई," ते म्हणाले.

हे बाहेर बाकड्यावर बसून राहिले. ते बाकडं पुरं भरलं होतं.

इलाजानंतर रेल्वेवाला आठ दिवस आमच्याकडं राहिला, डोळ्याला पट्टी बांधून. मटणाशिवाय न जेवणारा माणूस. अव्वांनी त्याला लोणी-भाकरी, झुणका आणि दूध यांवर ठेवलं आणि त्यानं तक्रार केली नाही. अव्वांची निम्मी भाषा त्याला कळत नव्हती, तरी दोघांचं छान जमलं. जायच्या दिवशी त्यानं मला वाकून नमस्कार केला. मी संकोचले. तो म्हणाला, "भाभीजी, इतने साल मैं इनसे जीतता रहा. कोल्हापूरवाली जीत मैं नहीं गिनता." मग ह्यांच्याकडं न बघता एसटीत चढला. खिडकीतून हात तेवढा बाहेर काढून ठेवला होता, वळण येईपर्यंत.

दोघंही त्यानंतर खेळले नाहीत. त्याला डोळ्यामुळं परवानगी मिळाली नाही, आणि ह्यांना ज्याच्याशी लढायचं होतं तो माणूस आता तिकडं उरला नव्हता. तो रेल्वेत परत जाऊ शकला नाही. त्याच्या गावी त्यानं दुधाचा धंदा सुरू केला. दिवाळीला फोन यायचा. हे दोघं फोनवर फार बोलायचे नाहीत. "कसा आहेस" झालं की बराच वेळ नुसता फोन धरून बसायचे.

हे घरी किती दिवस बसणार? माझ्या शाळेच्या पाठीमागं एक पत्र्याची शेड रिकामी होती. तिथं पोतं टांगलं. पहिल्यांदा सहा-सात मुलं आली, मग दोन मुली, मग पंधरा. पण स्पर्धेला नावं पाठवायची वेळ आली तेव्हा जिल्हा संघटनेच्या टेबलावरच्या माणसानं अर्ज परत केला. व्यावसायिक खेळलेला माणूस हौशी खेळाडूंचा प्रशिक्षक होऊ शकत नाही. तेच ते कलम. मीच ते ह्यांना वाचून दाखवलं होतं.

घरी येऊन हे म्हणाले, "तुझं नाव घाल."

"माझं? मला काय येतंय?"

"मी शिकिवतो. तू सही कर. कोपऱ्यात उभं ऱ्हायला कुणीतरी पायजेच."

वयाच्या अडतिसाव्या वर्षी, साडी नेसून, मी प्रशिक्षकांच्या शिबिराला गेले. आठ दिवस. सगळे पुरुष. पहिल्या दिवशी हसले, तिसऱ्या दिवशी नियमांच्या परीक्षेत मी पहिली आले तेव्हा गप्प झाले. नियम पाठ करणं हा माझा धंदाच होता. तेव्हापासून स्पर्धेला कोपऱ्यात मी आणि हे प्रेक्षकांत. प्रेक्षकांतून सूचना द्यायला बंदी, म्हणून हे हाताची घडी घालून बसायचे आणि दात-ओठ खायचे.

आमची पहिली मुलगी राज्याला गेली ती शेजारच्या गावची, वरच्या वजनाची, शेतात भारे वाहून खांदे तयार झालेली. पहिल्या राऊंडला तिनं मार खाल्ला. धापा टाकत कोपऱ्यात आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मॅडम, काय करू?"

ह्यांनी सांगितलेलं सगळं मी त्या क्षणी विसरले. तिच्या तोंडाला पाणी लावलं. दोन्ही हातांत तिचे ग्लोव्हज धरले. "तुझ्या अंगात अजून ताकद आहे. तिच्यात नाही. तिचे पाय बघ," मी म्हणाले. हे मला कुठून कळलं ते मला माहीत नाही. मुलीनं मान हलवली, गार्ड खाली ओढलं आणि घंटा व्हायच्या आधीच उठून उभी राहिली.

पुढच्या राऊंडला तिचा पहिला ठोसा बसला तेव्हा मी मागं वळून बघितलं. तिसऱ्या रांगेत हे एकटेच उभे राहिले होते, हाताची घडी तशीच, आणि त्यांच्या मागची सगळी माणसं वैतागून ओरडत होती, "ओ पावणं, बसा की खाली!"